दर सातवं घर

चौकात पाण्याची बाटली आडवी ठेवून फिरवायची,
बूच ज्या गल्लीकडे थांबेल तिथून सुरुवात.
डावा हात भिंतीशी ठेवून चालत राहायचं
आणि दर सातवं घर.
नियम एवढाच, पण कुणाला पटत नाही.
"आमचंच घर का?" असं विडी घरकुलात पहिल्या दिवशी
अकरा जणांनी विचारलं. मी मोजलं.
मोजायलाच तर पाठवलंय मला.

नरसव्वा बोद्धूल. वय साठ, नाहीतर बासष्ट,
"लिवा काहीबी."
मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं.
बोलताना बोटं थांबत नाहीत.
"मला काय झालंच न्हवतं बाई.
ताप न्हाई, खोकला न्हाई. वास?
तंबाखूत बसणाऱ्याला कसला आलाय वास.
डाव्या हाताचं घ्या. उजव्याला हजार पुरे करायचेत."

तीन मिली. पिवळ्या बुचाची नळी.
चिकटपट्टीवर चार शून्य एकोणीस.
"नाव न्हाई लिवत?"
"नाही अव्वा, नंबरच."
"कारखान्यात बी असंच." मग थोड्या वेळानं,
"ह्यात छाट किती काढता?"

तिच्या हजारातल्या शंभर-दीडशे विड्या
तपासनीस रोज संध्याकाळी बाजूला सारतो,
सैल म्हणून, तिरक्या म्हणून, कधी काहीच न म्हणता.
मी म्हटलं, हादरे बसून नळीत रक्त फुटलं
तर टाकून द्यावं लागतं.
"मग हळू न्या. आमच्या रस्त्यावर रिक्षा उडते."
आणि मी बर्फाचा डबा
अशोक चौकापर्यंत मांडीवर धरून बसले,
सुपासारखा.

त्याआधी, तिच्यापासून सातवं घर: कुलूप.
"दोघं बी गेले त्या टायमाला," समोरची बाई म्हणाली.
"सून सिद्दिपेठला, माहेरी. किल्ली नरसव्वाकडं."
नियम: बंद घर सोडावं, पुढचं घ्यावं.
कुलपाला शीर नसते.
माझ्याबरोबरची रेणुका फॉर्म उलटासुलटा करून बघत होती.
"अक्का, जे गेले ते कुठल्या रकान्यात?"
मी म्हटलं, उन्हात उभी राहू नकोस, चल.

रक्त फिरवलं की लाल तेवढं खाली बसतं,
वर उरतो कडब्याच्या रंगाचा रस.
येऊन गेलेल्याची खूण त्याच्यात असते.
एकोणीस नंबरात होती. चांगली ठळक होती.
कधी आला, कुणाकडून आला,
त्या रात्री उशाशी कोण होतं,
का कुणीच नव्हतं,
एवढं यंत्राला कळत नाही.
ती खोटं बोलली असेल. ताप आहे म्हटलं असतं
तर तिच्या विड्या कुणी घेतल्या असत्या तेव्हा?
किंवा खरंच सांगत असेल.
अंग कधीकधी माणसाला न विचारता
लढून मोकळं होतं.

कागद द्यायला परत गेले.
"म्हंजे येऊन गेला?"
"हो अव्वा. कळलंही नाही तुम्हाला."
पहिल्यांदा तिची बोटं थांबली.
"मी खिडकीतनं पेज द्यायची त्यांना. दोघांना बी.
आठ दिवस."
मी घाईघाईनं सांगितलं, तसं काही ह्यातून सिद्ध होत नाही,
कुणी कुणाला दिला हे ह्या तपासणीत येतच नाही.
सांगितलं ते खरं होतं.
"न्हाई येत?"
"नाही."
"बरं."

पुढं काय बोलावं ते मला शिकवलेलं नव्हतं.
तेवढ्यात गल्लीत ओरड झाली,
पाच दिवसांनी नळ आला होता.
तिनं सूप खाली ठेवलं, कनवटीची किल्ली काढली,
पाइपाचं वेटोळं माझ्या हातात दिलं.
"धरा जरा. त्यांचं पिंप आधी भरून घेऊ,
मग माझं."